एकवीस यार्डांवर

ऑर्विलच्या सलूनमध्ये आठवडाभर एकच विषय:
हरलेल्यांना पुन्हा संधी द्यायची का.
कॉर्बिन स्टेटची पोरं नोव्हेंबरात अलाबामात आली,
इथंच, आमच्या मैदानावर,
सोळा-चौदा हरली, बसमध्ये बसली, गेली.
आता म्हणे अजिंक्यपदासाठी पुन्हा तीच आणि पुन्हा आम्ही.
"पुरलेलं कुत्रं कोण उकरतं?" ऑर्विल विचारतो,
वस्तरा माझ्या गळ्याशी.

दाढीला आलेला पाद्री म्हणतो, रडीचा डाव खडी.
शेजारच्या खुर्चीतला विमा एजंट म्हणतो,
नाचता येईना, अंगण वाकडं.
सगळे हसतात.
मीही हसतो, साबण हलू नये इतपत.

ते अंगण माझ्याकडे आहे.
एकोणतीस वर्षं.
पांढऱ्या रेषा मी मारतो, आकडे मी रंगवतो,
गवत सव्वा इंच, त्याच्या वर एक पातं नाही.

आणि अंगण वाकडं होतं.

गुरुवारी एकवीस यार्डांच्या रेषेपाशी
पाइपाचा सांधा सुटला, रात्रभर पाणी मुरलं.
शुक्रवारी मी वाळू भरली, वर गवताचा तुकडा बसवला,
गोधडीला ठिगळ लावावं तसा.
कडा पिवळ्या दिसत होत्या म्हणून हिरवा रंग फवारला.
टीव्हीवर छान दिसलं.
वर्डीला सांगितलं नाही. कोचला तर नाहीच.

शनिवारी, चार सेकंद उरलेले,
चेंडू नेमका तिथंच ठेवला त्यांनी.
एमिल गिड्री, वीस वर्षांचा, थंडीनं कान लाल,
तीन पावलं मागे, दोन डावीकडे.
धावत आला, डावा पाय टेकला
आणि तो सरकला.
बोटभर.
सत्तर हजार माणसं चेंडूकडे बघत होती,
मी पायाकडे.
उजव्या खांबावर आवाज झाला,
रिकाम्या बादलीवर खडा पडावा तसा,
आणि मग आमची बाजू उसळली,
बिअरनं भिजलेल्या कुणा अनोळखी माणसानं
मला उचलूनच घेतलं.

गर्दी पांगल्यावर तो पोरगा वाकून गवत चाचपत होता.
बोटांना हिरवं लागलं असणार.
पत्रकारांना म्हणाला, "माझीच चूक."
एवढंच.

त्यांना संधी मिळावी असं वाटणारा
या गावात मी एकटाच.
पण तेवढं बोलायला तोंड उघडलं
तर मागोमाग पाइप येईल, वाळू येईल,
फवारणीची बाटली येईल.

वर लरीन, कॅफेत माझ्या कपात कॉफी ओतताना,
तिसरंच काढते.
तिचा भाचा आयडाहोत खेळतो.
तेही एकच सामना हरलेत, तोही बर्फात.
"तुम्ही दोघं आपापसात किती वेळा खेळणार?
माझ्या पोराचा नंबर कधी?"
मी साखर ढवळत राहतो.
मी साखर घेत नाही.

रविवारी संध्याकाळी डॅलसच्या एका हॉटेलातून
कोट घातलेली माणसं निकाल सांगतात:
कॉर्बिन स्टेट.
जानेवारीत, छताखाली, प्लास्टिकच्या गवतावर,
जिथं पाइपच नाहीत.
गल्लीत कुणीतरी खुर्ची फेकल्याचा आवाज येतो.
वर्डी म्हणते, "तुला बरं वाटल्यासारखं दिसतंय."
मी म्हणतो, दाढ दुखायची थांबली.

रात्री किल्ली घेऊन मैदानात जातो.
गवत थंडीनं तपकिरी झालंय, ठिगळसुद्धा,
आता दोघांत फरक कळत नाही.
टाच दाबून बघतो. घट्ट.
मुळं खाली गेलीत, एक महिना उशिरा.
जानेवारीत तो पुन्हा हुकला
तर अंगण सरळच होतं असं मी म्हणू शकेन का?
आणि नाही हुकला, तर कुणासमोर म्हणू?

तीन पावलं मागे. दोन डावीकडे.
गुडघा कुरकुरतो.
चेंडू नाही, तरी पाय मारून झाल्यावर
मी वर खांबांकडे बघतो.